धागा : ‘मी उठत नाही’ आणि ‘मला उठवत नाही’ – नैराश्यातलं डोपामीन

मानपाडाकर | सोमवार, रात्री १०:४०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. गेल्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी नैराश्यात होतो. आता बरा आहे, गोळी चालू आहे, कामावर जातोय. त्या दिवसांतली एक गोष्ट मला तेव्हा अजिबात उलगडत नव्हती. नंतर वाचून, विचारून थोडी कळली, ती इथे मांडतो.

मला रडू येत नव्हतं. सकाळी साडेसहाला जाग यायची आणि पलंगावरून पाय खाली टाकायला साडेनऊ वाजायचे. विजेचं बिल भरायचं होतं. फोन उशाशीच, काम दोन मिनिटांचं. सतरा दिवस ते राहिलं. पण बायकोनं कांदेपोह्यांची बशी हातात दिली की पोहे छान लागायचे. लिंबू पिळलंय, खोबरं ओलं आहे, सगळं जाणवायचं. ती म्हणायची, “चव लागतेय ना? मग झालंय काय तुला?” यात तिची काही चूक नव्हती. मलाही रात्री तोच प्रश्न पडायचा. मी आळशी झालोय आणि त्याला आजाराचं नाव देतोय का?

डॉक्टरकडे जायलाही वेळ लागला. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य आमच्या पिढीनं लहानपणापासून ऐकलंय. वडील म्हणाले, “दादरला दाखवू, इथे कुणीतरी बघेल.” शेवटी ठाण्यातच दाखवलं. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही उठत नाही, की तुम्हाला उठवत नाही?”

शाळेत शक्य क्रियापद शिकलो होतो, ‘आजीला आता जिना चढवत नाही’. त्यात आजीला वर जायचं नाही असं कुणी म्हणत नाही. जायचं आहे, पाय आहेत, जिनाही आहे, पण चढणं घडत नाही. आपल्या भाषेत हे सांगायला क्रियापदाचं वेगळं रूप आहे, आणि माझ्या आजाराचं नेमकं वर्णन त्या रूपात होतं. माझ्याच्यानं उठवत नव्हतं. इच्छा आणि कृती यांच्या मध्ये जो सांधा असतो, त्याच्याशी डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचा फार जवळचा संबंध आहे.

‘डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मीही तेच धरून चाललो होतो, म्हणून कोड्यात पडलो. पोहे आवडतायत, म्हणजे आनंद होतोय, म्हणजे डोपामीन ठीकच असणार! या समजाचं मूळ जुनं आहे. १९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर या शास्त्रज्ञांना दिसलं की मेंदूच्या ठरावीक जागी विजेचा हलका झटका मिळावा म्हणून उंदीर खटका दाबतच राहतात. पुढे त्या जागांचा डोपामीनशी संबंध लागला आणि ‘आनंदकेंद्र’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच.

मग मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळजवळ पूर्ण नष्ट करून पाहिलं. ते उंदीर समोर अन्न असून खात नव्हते, नळीनं भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. पण त्यांच्या जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवला की ते धडधाकट उंदरासारखेच मिटक्या मारत. हा शोधनिबंध १९८९चा आहे. आवडणं शाबूत होतं, ओढ गेली होती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती पोह्यांची बशी आठवून बराच वेळ गप्प बसलो.

जॉन सालामोन यांचे प्रयोग मला याहून जवळचे वाटतात. उंदरापुढे दोन पर्याय ठेवायचे. साधं खाणं आयतं पडलेलं, किंवा खटका पुन्हा पुन्हा दाबला तर आवडीचं खाणं. एरवी उंदीर खटका दाबतो. न्यूक्लियस अॅकम्बन्स नावाच्या केंद्रातलं डोपामीन कमी केलं की तो साध्या खाण्याकडे वळतो. आवडीचं खाणंही आयतं दिलं तर मात्र तेच उचलतो! म्हणजे आवड बदललेली नाही, कष्ट मोजायचा तराजू बदललाय. ठाणेकरांसाठी सांगायचं तर मामलेदारची मिसळ आवडतेच, कुणी घरी आणून दिली तर बोटं चाटत खाईन, पण तिथे जाऊन रांगेत उभं राहणं डोंगराएवढं वाटतं आणि मी घरातला शिळा पाव खातो.

माणसांवर अशीच चाचणी मायकेल ट्रेडवे यांनी केली. सोपं काम म्हणजे तर्जनीनं ७ सेकंदांत ३० वेळा बटण दाबायचं, पैसे थोडे. अवघड काम म्हणजे कामाच्या नसलेल्या हाताच्या करंगळीनं २१ सेकंदांत १०० वेळा, पैसे जास्त. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांनी इतरांपेक्षा अवघड काम कमी वेळा निवडलं. मला माझं विजेचं बिल आठवलं.

इथे कुणी या क्षेत्रातलं असेल तर चुकलेलं दुरुस्त करा. आणि ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी जरूर लिहा.

खाडीपलीकडे | सोमवार, रात्री ११:२५

नेरूळहून लिहितेय. माझा धाकटा भाऊ ठाण्यात एकटा राहतो, वय ३४. चार महिन्यांपासून घरून काम, तेही रखडत. तबला वाजवायचा, डग्ग्यावर आता धूळ आहे. मी रोज संध्याकाळी फोन करून ओरडते, “अरे उठ, जरा तलावपाळीवर चक्कर मार, बरं वाटेल.” तो “हो ताई” म्हणतो आणि जात नाही. परवा मी म्हटलं, “तुला बरं व्हायचंच नाहीये.” तो काही बोलला नाही, फोन ठेवला.

हा धागा दोनदा वाचला. मी त्याला चार महिने ‘तू उठत नाहीस’ असंच म्हणत आलेय. आता काय बोलू?

वाशीकर_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ७:१०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. मानपाडाकर, मांडणी बरोबर आहे. थोडी भर घालतो आणि दोन ठिकाणी लगाम.

आधी लगाम. प्रत्येक नैराश्य असं नसतं. कुणाला दुःख अनावर असतं, कुणाला अपराधी वाटत राहतं, कुणाची झोप उडते, कुणाला पोह्यांची चवही लागत नाही. नैराश्य हे एक नाव असलं तरी आत अनेक वाटा आहेत. डोपामीनची वाट त्यातली एक, आणि ती मुख्यतः निरुत्साह, मंदपणा, कशातच मन न लागणं या लक्षणांशी जोडलेली दिसते. दुसरं, ‘डोपामीन कमी झालं’ असं सरसकट म्हणता येत नाही. रक्त तपासून ते मोजता येत नाही. प्रश्न साठ्याचा असू शकतो, सोडण्याच्या लयीचा असू शकतो, पलीकडे स्वीकारणाऱ्या पेशींचाही असू शकतो.

लयीबद्दल थोडं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं की फळांचा रस अनपेक्षित मिळाला की डोपामीनच्या पेशी उसळतात. दिव्याच्या खुणेनंतर रस मिळतो हे माकड शिकलं की उसळी रसावर न येता दिव्यावर येते. दिवा लागून रस आला नाही तर पेशी काही क्षण मंदावतात. म्हणजे त्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक कळवतात आणि त्यातून मेंदू शिकतो की कशाच्या मागे जाण्यात अर्थ आहे. नैराश्यात हा संदेश क्षीण झाल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, सगळ्यांत नाही. पण रुग्ण मित्रांना भेटून येतो, तिथे हसतोही, आणि पुढच्या वेळी पुन्हा निघावंसं वाटत नाही, हे मी रोज पाहतो. चांगला अनुभव जमा होत नाही.

कारणांमध्ये दीर्घकाळचा ताण आहे. शरीरातला दाहसुद्धा आहे. ‘कावीळ क’साठी (हिपॅटायटिस सी) इंटरफेरॉनची, म्हणजे शरीरात दाह वाढवणारी, इंजेक्शनं दिली जायची तेव्हा पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत निरुत्साही आणि थकलेले होत, आणि त्यांच्या मेंदूत डोपामीनच्या केंद्रांचं काम बदललेलं दिसलं. आपल्याला ताप आला की काही करवत नाही, त्याच्याशी याचं नातं असावं असं मला वाटतं.

विज्ञान इथे अजून चाचपडतं आहे हेही सांगायला हवं. २०१३ साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरचे दोन अभ्यास एकदमच आले. एकात डोपामीनच्या पेशी प्रकाशानं चेतवल्यावर नैराश्यासारखी लक्षणं कमी झाली, दुसऱ्यात तशाच पेशी विशिष्ट लयीत चेतवल्यावर ताण सोसलेले उंदीर अधिक खचले. ताण कोणत्या प्रकारचा, किती दिवसांचा आणि पेशी कोणत्या वाटेवरच्या, यावर बरंच अवलंबून आहे.

ताई, भावाला एकदा प्रत्यक्ष भेटा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. यांच्या बिघाडातही माणूस असाच मंदावतो. उलट्यांसाठीचं मेटोक्लोप्रमाइड दीर्घकाळ चालू असेल तर तेही सांगा, ते मेंदूतलं डोपामीन अडवतं. आणि त्याला सरळ विचारा, जगणं नको वाटतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

रबाळे_जनरल_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १:३०

डॉक्टरसाहेब, आमच्या ऑफिसातली पोरं ‘डोपामीन डिटॉक्स’ करतात. दोन दिवस मोबाईल नाही, गाणी नाही, गोड नाही. नैराश्यात करावं का?

वाशीकर_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:०५

मोबाईल कमी केला तर झोप सुधारेल, ते करा. पण उपवासानं मेंदूतलं डोपामीन ‘धुऊन’ निघत नाही. नैराश्यातल्या माणसाकडून गाणी आणि गप्पा काढून घेणं तर नकोच. त्याच्याकडे ओढ वाटणाऱ्या गोष्टी आधीच मोजक्या उरलेल्या असतात.

नौपाडा_७२ | मंगळवार, सायंकाळी ६:५०

माझा अनुभव थोडा वेगळा, पण याच वाटेवरचा.

माझी पत्नी पेटी वाजवायची. आमच्याकडे दर गुरुवारी भजन असे. एके वर्षी तिनं पेटी काढणं बंद केलं. विचारलं तर म्हणे, “नको वाटतं.” आम्ही समजलो, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली म्हणून असेल. तीन वर्षांनी उजवा हात थरथरू लागला, आणि पार्किन्सनचं, म्हणजे डोपामीनच्या पेशी मरत जाण्याच्या आजाराचं, निदान झालं. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, कंप दिसायच्या कितीतरी आधी नैराश्य येऊ शकतं, कारण आजार आधीपासून आत चालू असतो.

ती तीन वर्षं मी तिला समजावत होतो की मन रमवलं पाहिजे. पेटी काढून तिच्यासमोर ठेवत होतो. मला वाटे, ती ऐकत नाही.

लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामीन होतं ते औषध, सुरू झाल्यावर हात सुधारला. मनासाठी वेगळं औषध द्यावं लागलं. आता पेटी मी उघडतो, भाता मी मारतो, ती एका हातानं सूर धरते. पाच-दहा मिनिटं. डॉक्टरांना हे बरं वाटतं की नाही ठाऊक नाही, आम्हाला वाटतं.

खाडीपलीकडे | मंगळवार, सायंकाळी ७:१५

काका, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले.

येऊरच्या_वाटेवर | मंगळवार, रात्री ९:००

वनस्पतीशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक जोड देतो, कारण या गोष्टीची सुरुवात आपल्याकडच्या झाडापासून होते.

सर्पगंधेचं मूळ रक्तदाबावर उपयोगी पडतं हे मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष गेलं. त्या मुळातून १९५२ साली रेसरपिन वेगळं केलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या. हा संबंध पुढे वाटला तितका पक्का निघाला नाही, पण शोध त्यातून पुढे सरकला. १९५७ साली स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून निश्चल झाले. मग एल-डोपा (म्हणजे काकांनी सांगितलेलं लेव्होडोपाच) टोचलं, आणि थोड्या वेळात ते हिंडू लागले. सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं रसायन ज्यापासून बनतं ते द्रव्य देऊन तसं घडलं नाही. डोपामीन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे हे त्यातून उलगडत गेलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आता खाजकुइली. येऊरला पावसाळ्यानंतर शेंगा लटकलेल्या दिसतात. तिच्या बियांत एल-डोपा खरंच असतं. मग या बियांचं, म्हणजे कवचबीजाचं, चूर्ण नैराश्यावर चालेल का?

वाशीकर_डॉक्टर | मंगळवार, रात्री ९:४०

रेसरपिनची जोड फार मोलाची, धन्यवाद. चूर्ण मात्र स्वतःच्या मनानं नको. बियांत एल-डोपा किती हे प्रत्येक वेळी वेगळं असतं, मळमळ होते, रक्तदाब पडतो, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं आहे.

मुद्द्याचं_बोला | मंगळवार, रात्री १०:१५

माझा आक्षेप आहे. आधी सेरोटोनिन म्हणालात. २०२२ साली मोठा आढावा आला की नैराश्य आणि कमी सेरोटोनिन यांचा ठोस पुरावा नाही. आता डोपामीन. उद्या तिसरं काहीतरी. माझ्या बहिणीला दोन वर्षं ‘केमिकल कमी आहे’ एवढंच सांगितलं गेलं. तिचा नवरा तिला काय बोलतो हे एकाही डॉक्टरनं विचारलं नाही. याची मला चीड येते.

वाशीकर_डॉक्टर | मंगळवार, रात्री ११:००

चीड योग्य आहे. ते विचारायलाच हवं होतं.

‘रसायन कमी, गोळीनं भरून काढू’ हे चित्र फार भाबडं होतं आणि आमच्याच लोकांनी ते पसरवलं. पण बहिणीच्या घरातला रोजचा अपमान आणि तिच्या मेंदूतला बदल हे दोन वेगळे खटले नाहीत. रोजचा ताण डोपामीनच्या वाटांवर परिणाम करतो, आणि त्या वाटा मंदावल्या की त्या घरातून बाहेर पडायचा विचारसुद्धा पेलवत नाही. दोन्हीकडे बघावं लागतं.

औषधांचंही तसंच. नेहमीच्या गोळ्या मुख्यतः सेरोटोनिनवर काम करतात आणि अनेकांना त्या उपयोगी पडतात. काहींचं दुःख कमी होतं, पण मन बोथट राहतं. डोपामीन आणि नॉरअॅड्रेनॅलिनवर काम करणारं ब्युप्रोपियॉन भारतात मिळतं, मात्र फिट येण्याचा इतिहास असेल तर ते देत नाहीत. पार्किन्सनमधलं प्रामिपेक्सोल इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात जोडून पाहिलं गेलं. २०२५ साली ब्रिटनमधल्या १५० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. लक्षणं लक्षणीय कमी झाली, पण सुमारे पाचातल्या एकानं दुष्परिणामांमुळे ते सोडलं. या औषधानं काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो, हेही घरच्यांना माहीत हवं. दोन ध्रुवांच्या (बायपोलर) आजारात अशी औषधं माणसाला उन्मादाकडे ढकलू शकतात. म्हणून चालू गोळी मनानं बदलू नका आणि बंदही करू नका.

मानपाडाकर | मंगळवार, रात्री ११:३५

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्यापुरतं देतो.

“बाहेर जा, बरं वाटेल” यातलं ‘बरं वाटेल’ माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. मला फक्त कपडे बदलणं, चपला शोधणं, लिफ्टमध्ये शेजारी भेटणं दिसायचं. बायकोनं हळूहळू कष्टच कमी केले. रात्रीच पँट-शर्ट खुर्चीवर. पहिल्या आठवड्यात फक्त गॅलरीत उभं राहून चहा. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या फाटकापर्यंत. कचराळी तलावाला पूर्ण फेरी मारायला दीड महिना गेला. ती सोबत चालायची आणि काही विचारायची नाही.

माझे डॉक्टर सांगत होते, यावर गोव्यात मोठं काम झालंय. ‘संगत’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून हीच पद्धत वापरून पाहिली, सहा ते आठ बैठका. इच्छा व्हायची वाट न बघता आधी छोटी कृती करायची. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली निकाल आले. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांची लक्षणं बरीच ओसरली होती, नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

तुम्ही त्याला बोललात त्याचं फार ओझं घेऊ नका. आमच्या घरीही बोलणी झालीच.

खाडीपलीकडे | रविवार, रात्री ९:२०

आज ठाण्याला जाऊन आले. फोन न करता नेरूळहून सकाळची ठाणे लोकल पकडली. त्यानं दार उघडायला वेळ घेतला. मी काही बोलले नाही, चहा टाकला, भांडी घासली. तो सोफ्यावरून बघत होता.

मग डॉक्टरांनी सांगितलं तसं सरळ विचारलं. तो म्हणाला, “मरावंसं नाही वाटत ताई. पण कितीही वाटलं तरी काही करवत नाही.” त्यानं आपणहून ‘करवत नाही’ म्हटलं. मी त्याला तुमचा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. उंदरांच्या मिटक्यांपाशी त्यानं मला थांबवलं आणि तो भाग परत वाचायला लावला.

तबल्याचा विषय मी काढला नाही. निघताना डग्ग्यावरची धूळ पुसली, बस्स.

रक्त उद्या सकाळी घरी येऊन नेतील. डॉक्टरांची वेळ गुरुवारी साडेपाचची मिळालीय, मी अर्धा दिवस रजा टाकलीय. त्याची फाईल, जुन्या गोळ्यांची पाकिटं आणि प्रश्नांचा कागद माझ्या पिशवीत भरून ठेवलाय. वाशीकर डॉक्टर, त्याला मधूनमधून अॅसिडिटीच्या गोळ्या चालू असतात, त्यांचंही नाव लिहून न्यायचं ना?

वाशीकर_डॉक्टर | रविवार, रात्री ९:५५

हो, पाकिटासकट न्या.